शाळेबाहेरचे सवंगडी

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेल्या आईबापांना हल्ली अभ्यासाविषयी फारसे कोणी छेडत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. विचारले जाते ते वेगळेच. ‘याला मित्र कसे मिळायचे?’ हा प्रश्न आजीआजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे करतात आणि त्यामागची काळजी खरी असते. एकट्या पडलेल्या मुलाचे हाल कोणालाच बघवत नाहीत. मात्र या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे: मैत्री शाळेत मिळते, आणि शाळा गेली की तीही गेली. महाराष्ट्रातल्या मुलांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. शाळेने मुले एका छपराखाली आणली, हे मोठेच काम होते. पण एका छपराखाली बसलेल्या मुलांची गट्टी जमली ती बहुतेकदा दुसरीकडे, जिथे त्यांना मिळून काहीतरी करावे लागे: आखाड्यात, मेळ्यात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, सेवा दलाच्या मैदानावर. या जागांचा इतिहास नुसता गोड नाही. त्यांच्या दारातून कोण आत गेले आणि कोणाला बाहेर ठेवले गेले, हेही त्यात आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या सोबतीचा विचार करायचा तर या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळा येण्याआधी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. त्या कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात भरत. धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी लहान पोरे आणि मोडीला वळण लावणारी थोराड मुले एकाच जागी बसत, पावकी-निमकी सगळे मिळून मोठ्याने म्हणत. वयाप्रमाणे मुले वेगळी काढायची ही रीत नंतरची. पण या शाळांत ठरावीक जातींची मुले असत आणि मुली जवळजवळ नसतच. म्हणजे महाराष्ट्रातली बहुसंख्य मुले शाळेबाहेरच वाढत होती, आणि ती सगळी एकाकी होती असे कोणी म्हणणार नाही. गुरे राखताना, नदीवर पोहताना, सुरपारंब्या आणि विटीदांडू खेळताना त्यांचे सोबती त्यांना भेटत. मुलींसाठी तर समाजाने वर्षाच्या पंचांगातच सोय करून ठेवली होती. हस्त नक्षत्र लागले की हादगा, नवरात्रात भोंडला. अंगणात पाट मांडायचा, त्यावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. हादग्यात पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. फेरात पाच वर्षांची चिमुरडी असे, तशीच लग्न होऊन माहेरी आलेली तेरा वर्षांची मुलगीही असे. गाणी मोठीच्या तोंडून धाकटीच्या तोंडात जात. कोणाला बोलवायचे हा प्रश्न मुलीला पडतच नसे, कारण फेर कोणत्या दिवशी कोणत्या अंगणात हे आधीच ठरलेले असे. ओळख व्हायला धिटाई लागते. ज्या मुलीत ती नाही, तिचेही या रिवाजात भागून जाई. त्याचे खरे बळ मला यातच दिसते. मर्यादाही उघड आहे. आळीतला फेर आळीपुरता, आणि आळी बहुधा जातीची.

पुढे इंग्रजी अमदानीत घरी बसून शिकलेल्या मुलींची एक लहानशी पिढी महाराष्ट्रात झाली. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या आणि पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. शिक्षणात खोट नव्हती. घरात माणसेही भरपूर होती, पण सोबत नव्हती. वडीलधाऱ्या बायकांना सुनेने पुस्तक हाती धरणे पसंत नव्हते. त्यांचे टोमणे ऐकत आणि ते नवऱ्याच्या कानावर न घालता रमाबाई शिकत राहिल्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकात हा सगळा कोंडमारा आहे. तो सैल झाला तो १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढल्यावर. तिथे ठरलेल्या दिवशी बायका जमत, वाचन होई, कोणीतरी विषय मांडी, बाकीच्या ऐकत. हा समाज काढणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतःही शाळेत गेलेल्या नव्हत्या. आईकडून संस्कृत शिकत, तीर्थक्षेत्रे पायी तुडवत त्या वाढल्या होत्या. आनंदीबाई जोशींचे उदाहरण याहून टोकाचे आहे. पती गोपाळरावांच्या टपाल खात्यातल्या बदल्यांमुळे त्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा फिरत राहिल्या. कुठे चार ओळखी होतात न होतात तोच बिऱ्हाड हलायचे. मुंबईत थोडे दिवस त्या मिशनच्या शाळेत गेल्या, बाकी शिक्षण घरीच. त्यांना जिवाभावाचे माणूस मिळाले ते पत्रातून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि १८८० मध्ये पत्र धाडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली अमेरिकेत उतरल्यावर त्या आधी राहिल्या ते याच मावशींकडे, आणि १८८७ मध्ये आनंदीबाई वारल्यावर त्यांच्या अस्थी पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. या तिघींच्या आयुष्यांवरून दोन गोष्टी दिसतात. भरल्या घरातही शिकणारे मूल एकटे पडू शकते. आणि सोबतीला दहा जण लागतातच असे नाही. एक माणूस, समवयस्क नसले तरी, पुरून उरते. ‘किती मुलांमध्ये मिसळतो?’ असे मोजून विचारणाऱ्यांनी आनंदीबाईंची पत्रे आठवावीत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. शाळेबाहेरच्या सोबतीचे गुणगान करणे ज्यांना शाळा सहज मिळत होती त्यांना परवडते, असे कोणी म्हणेल, आणि म्हणणाऱ्याच्या बाजूने जोतीराव फुल्यांचे आख्खे बालपण उभे राहील. जोतीराव मराठी शाळेत शिकत असताना वडिलांनी त्यांना मध्येच काढून शेतीच्या कामाला लावले. काही वर्षे ते शाळेबाहेर होते. या काळात त्यांची हुशारी ओळखली ती शेजारच्या मोठ्या माणसांनी: फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी. त्यांनी जोतीरावांचे वडील गोविंदराव यांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तिथे त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे भेटले. एक माळ्याचा मुलगा, एक ब्राह्मणाचा; पेठांनी आणि सोवळ्याने वाटलेल्या पुण्यात ही मैत्री कोणत्या आळीत, कोणत्या भोंडल्यात जमली असती? आणि ती जन्मभर टिकली. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा अशा मित्रांचे पाठबळ जोतीरावांमागे होते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या मुक्ताने १८५५ मध्ये आपल्या जातीच्या हालांवर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिला शाळेचे दार उघडले नसते तर घरी शिकवणारे कोण होते? हे सगळे मान्य करायलाच हवे. घर आणि आळी ही आपल्याकडे वेगळे ठेवण्याची सगळ्यात जुनी व्यवस्था होती आणि शाळेने तिच्यावर पहिला घाव घातला. घरी शिकवणाऱ्या पालकांनी हा आक्षेप अंगावरची धूळ झटकावी तसा झटकू नये. तो त्यांच्या निवडीला आयुष्यभर चिकटून राहणार आहे.

पण याच जोतीरावांची तालीम पुण्याच्या गंज पेठेत होती. मांग समाजातले लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे ते दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. मिशनच्या शाळेत माळी आणि ब्राह्मण शेजारी बसले, तर लहुजींच्या तालमीत ज्याची सावली विटाळाची मानली जाई तो माणूस गुरू झाला. शाळा बाकीच्यांना आत घेत होती. तालमीने उतरंडच उलटी केली. म्हणून दार उघडण्याचे श्रेय एकट्या शाळेला देता येत नाही, आणि शाळेचे दार उघडले म्हणजे सोबत मिळाली असेही होत नाही. याचा पुरावा साताऱ्यात मिळतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत जात होते. वर्गात त्यांची जागा वेगळी. बसायला घरून आणलेले गोणपाटाचे तुकडे, तेही रोज परत न्यायचे, कारण झाडलोट करणारा नोकर ते शिवणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. मुलगा हजेरीपटावर होता, तासाला हजर होता, आणि तरी एकटा होता. पुढे मुंबईत शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसू लागला. तिथे त्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. स्वतः शिक्षक आणि लेखक असलेल्या केळुसकरांनी बाकावर वाचणाऱ्या पोराची चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. शाळेने जे दिले नाही ते बागेतल्या बाकाने दिले.

त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ पासून वसतिगृहे निघाली होती, पण ती जातवार होती. त्या काळात तेवढे करणेही धाडसाचे होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, पाणी आणत, लाकडे फोडत, भाकऱ्या थापत आणि एका पंगतीत बसत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिले गेले. ही मुले शिकायला गावातल्या शाळांमध्येच जात. तासाला शेजारी बसून जे साधत नव्हते ते चुलीपाशी साधले, कारण भाकरी करपली तर सगळ्यांची करपे. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. गाव तेच, शिवताशिवत तीच, वीस-पंचवीस वर्षांचे अंतर. फरक पडला तो एकत्र राबण्याने आणि तसे राबवणाऱ्या माणसाच्या निश्चयाने.

शहरांत हे राबणे व्यायामशाळांत चाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. या संस्थांमागे स्वराज्याची ऊर्मी होती, बलोपासनेचा ध्यास होता. मुलांना सवंगडी मिळावेत हा त्यांचा हेतू नव्हता, आणि तरी ते मिळाले. कसे, हे मल्लखांबाजवळ उभे राहिले की कळते. पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळलेले असते. सात-आठ वर्षांचे पोर पहिली उडी मारते आणि घसरते. त्याला खालून हात द्यायला वस्ताद नसतो. वस्ताद तिकडे मोठ्यांची दसरंग बघत असतो. हात देतो तो बारा-तेरा वर्षांचा पोरगा, ज्याला दोन वर्षांपूर्वी असाच कोणीतरी दिला होता. अढी कुठे घट्ट करायची, अंगठा कुठे दाबायचा, हे तोच सांगतो. मग मनोरा रचायची वेळ येते. मनोऱ्याला खाली दणकट खांदे लागतात आणि टोकावर हलके पोर. एकाच वयाची वीस मुले जमवून मनोरा होत नाही. लहानाला मोठ्याची गरज, मोठ्याला लहानाची. आणि एक जण आला नाही तर सगळ्यांचे अडते. ज्याची वाट पाहिली जाते ते मूल उद्याही येते. वयावर पाडलेल्या इयत्तांत ही गरज निर्माण होत नाही. शेजारचा गैरहजर असला तरी आपला धडा चुकत नाही.

गणपतीच्या मेळ्यांचेही तसेच, पण तिथे दाराचा प्रश्न पुन्हा समोर येतो. १८९३-९४ पासून सार्वजनिक उत्सव सुरू झाला आणि मेळे निघाले. मुलांचे ताफे आठवडेन्‌आठवडे पदे बसवत, एका रंगाचे पोशाख करत, दहा दिवस रात्ररात्र पेठा पालथ्या घालत. गळा असलेला मुलगा पुढे, बाकीचे टाळ-लेझीम घेऊन मागे. ज्याला काहीच येत नाही त्याच्याही हातात निशाण असे. पुढे नाटकसिनेमात गेलेली कितीतरी मंडळी मेळ्यातच पहिल्यांदा लोकांपुढे उभी राहिली. पण त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांतही हौसेने भाग घेत असत. मेळ्यांनी ती सरमिसळ तोडली आणि सुरुवातीच्या काही पदांनी तर तेढ वाढवली. १९२२ च्या सुमारास ब्राह्मणेतर चळवळीचे छत्रपती मेळे उभे राहिले आणि पुण्याच्या रस्त्यांवर मेळ्याविरुद्ध मेळा उभा ठाकला. मुलांची सोबत मोठ्यांच्या भांडणाला जुंपली गेली. एकत्र राबण्याने घट्ट मैत्री होते, ही गोष्ट आपोआप चांगली ठरत नाही. कोणाविरुद्ध एकत्र, हेही पाहावे लागते. मुलाला एखाद्या मंडळात, पथकात, शाखेत धाडणाऱ्या आईबापांनी आजही हे पाहिले पाहिजे.

राष्ट्र सेवा दलाने हा धडा मनावर घेतला. ४ जून १९४१ रोजी दलाची नव्याने उभारणी झाली; एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, साने गुरुजी ही त्यामागची माणसे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी मैदानावर शाखा भरे. लंगडी, खो-खो, कवायत, मग गाणी आणि शेवटी थोडी चर्चा. वर्गणी जवळजवळ नाही, प्रवेशपरीक्षा नाही. मुलगे आणि मुली एकाच मैदानावर, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जात विचारायची नाही हा दलाचा पायाच होता. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले ते याच विचारातून. दलाचे कलापथक वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारख्यांना घेऊन खेडोपाडी हिंडले. पेटी-ढोलकी सांभाळत, शाळेच्या व्हरांड्यात झोपत केलेल्या अशा दौऱ्यांत जी नाती जुळली ती जन्माची ठरली. सेवा दलात वाढलेल्या घरांमध्ये आजही तिसऱ्या पिढीचे येणेजाणे दिसते. १९५० मध्ये गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गोष्टी ऐकायला मुले जमू लागली. दुसरीकडे रंगभूमीनेही मुलांसाठी दार उघडले. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढले आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. अभिनेत्री भक्ती बर्वे इथल्याच. मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था १९६२ मध्ये सुरू केली. नाटक मंचावर तासा-दोन तासांचे. सोबत मिळते ती महिनाभराच्या तालमींत, दुसऱ्याच्या वाक्याकडे कान लावून आपल्या वाक्याची वाट पाहताना. पुण्यात १९८० च्या दशकात शोभा भागवतांनी गरवारे बालभवनाला आकार दिला. तिथे स्पर्धा आणि बक्षिसे बाजूला ठेवून मुलांना नुसते खेळू देण्याला मान मिळाला, आणि शिकवणाऱ्यांना सर-मॅडम न म्हणता ताई-दादा म्हणायची पद्धत पडली.

यावर एक विचारी आक्षेप असा की या सगळ्या जागा शाळेच्या जिवावरच चालल्या. पाच वाजता घंटा होई म्हणून सहाला मैदान भरे. मेच्या सुट्टीमुळे शिबिरे होत. नाटकातली निम्मी मुले एकाच वर्गातून आलेली असत. हे खरे आहे, आणि ते घरी शिकणाऱ्या मुलाच्या फायद्याचे आहे. बाकीची मुले ज्या तासाला मोकळी असतात तो तास त्यालाही मोकळाच आहे. त्याने शाळेत न जाण्याने संध्याकाळचे मैदान ओस पडत नाही. अडचण वेगळी आहे: तो नवा असतो, आणि बाकीच्यांना एकमेकांची टोपणनावे, कालची भांडणे, बाईंच्या लकबी ठाऊक असतात. पहिले दोन-तीन महिने त्याला हे परकेपण सोसावे लागणार. आठवड्यातून एकदा जाऊन ते कमी होत नाही. आखाडा, शाखा, मेळा, बोर्डिंग या साऱ्यांत समान धागा रोजच्या भेटीचा आहे, किंवा हंगामापुरत्या का होईना, सलग भेटीचा. म्हणून सहा ठिकाणी थोडे थोडे नेण्यापेक्षा एकाच जागी रोज सोडणे बरे. गाडीत बसवून मुलाला सोमवारी चित्रकला, मंगळवारी रोबोटिक्स, बुधवारी पोहणे असे फिरवणारे पालक मनापासून कष्ट घेतात, पण त्या धावपळीत कोणाचीही वाट पाहिली जात नाही.

‘क्लास’ आणि आखाडा यांत फरक आहे तो इथेच. क्लासची बॅच वयाची असते, वेळ पाऊण तासाची, आणि संपल्यावर प्रत्येकाचे पालक दाराशी उभे असतात. मोठ्याने लहानाला शिकवायचे नसते, कारण फी शिकवणाऱ्याला दिलेली असते. केर काढायला बाई असते. खेळ सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा अर्धा तास, ज्यात खरी बडबड होते, तो नाहीसा झाला आहे. फी परवडणारीच मुले आत येतात, म्हणजे जातीच्या आळीची जागा पगाराच्या आळीने घेतली. मात्र मोठी शहरे सोडली तर सगळे गेले असेही नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावी तालमी आहेत, खो-खो आणि कबड्डीची मंडळे आहेत, वाचनालयांचे बालविभाग आहेत, भजनी मंडळात मृदंग शिकणारी पोरे आहेत, वारीच्या दिंडीत आजीचे बोट धरून चालणारी आहेत. तिथली वर्गणी किरकोळ असते. अशा जागी मुलाला नेताना थोडा वेळ बाजूला उभे राहून पाहावे: लहानाच्या मदतीला कोण धावते, नव्या पोराला खेळात कोण ओढते, आणि आत येणारी मुले एकाच प्रकारच्या घरांतली आहेत की नाहीत. मुलींना मैदानाच्या कडेला बसवून ठेवत असतील तर ती जागा सोडून द्यावी.

दिवसाच्या रिकाम्या वेळाचा प्रश्न उरतो. सकाळी अकरा वाजता शाळकरी मुले वर्गात असतात आणि घरी शिकणारे मूल मोकळे. इथे ताराबाई मोडकांचे काम आठवते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर केंद्र उभे राहिले, सोबत अनुताई वाघ. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडीची सुरुवात ती. त्याहून मोठ्या आदिवासी मुलांना गुरे राखायची असत, त्यांना शाळेची वेळ जमणे शक्यच नव्हते. मग कुरणशाळा निघाली. गुरे चरायला जातील त्या कुरणात शिक्षकाने जायचे, सावली धरून बसायचे, पाने-दगड-बिया हेच सामान. गुरे पांगली की धडा थांबवून ती वळवून आणायची. मुलाचा दिवस जसा आहे तसा धरून त्याच्याभोवती सोबत उभी करायची, ही त्यामागची दृष्टी होती. घरी शिकणाऱ्या मुलाच्या अकराच्या वेळी शेजारची मुले नसतात, पण सुतार असतो, वाचनालयातले ग्रंथपाल असतात, रोपवाटिकेतली माणसे असतात, निवृत्त शिक्षक असतात. गफार बेग मुन्शी आणि केळुसकर हे असेच मोठ्या वयाचे सोबती होते. संध्याकाळी बरोबरीची आणि थोडी लहानमोठी मुले, दुपारी मोठी माणसे, असा दिवस काही शाळकरी मुलांपेक्षाही भरलेला असू शकतो.

यांतल्या बहुतेक संस्था सरकारने काढलेल्या नव्हत्या, हेही विसरता येत नाही. कोणा वस्तादाने, कोणा शिक्षकाने, चार तरुणांनी त्या सुरू केल्या आणि वर्षानुवर्षे संध्याकाळ दिली. ज्यांनी मुलाला शाळेतून काढून वेळ मिळवला आहे त्या आईबापांकडे आज बाकीच्यांपेक्षा हा वेळ अधिक आहे. शाळांची मैदाने संध्याकाळी कुलूपबंद असतात. ती दोन तास उघडून मागण्याचा अर्ज पालिकेकडे करता येतो. भोंडल्याला शेजारच्या वस्तीतल्या मुलींना बोलावता येते. दोरी, चेंडू आणि खो-खोचे दोन खांब एवढ्या भांडवलावर रोज सहाला मैदानावर हजर राहणारे एक मोठे माणूस मिळाले, तर पंधरा दिवसांत तिथे वीस पोरे जमतात, आणि त्यांतली बहुतेक शाळेत जाणारीच असतात.